जिनाच्या चाळीतली भुलाबाई

यवतमाळ, २६ सप्टेंबर १९६१

चि. विजूस, कोकिळाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शेठांच्या मुली तुला आपल्यात घेत नाहीत म्हणून दहावीतून नाव काढायचं म्हणतेस, हे मला मुळीच मान्य नाही. पोरी एकमेकींच्या घरी गेल्याच नाहीत तर दुरावा जाणार कसा? सध्या भुलाबाईचे दिवस आहेत. यंदा आपल्या चाळीत भुलाबाई मांड आणि सगळ्या वर्गाला गाणी म्हणायला बोलाव. डब्यातली खिरापत ओळखायला बसल्या की सगळ्या सारख्याच. तुझ्या बाकावरची रौशन, निजामुद्दीन मिस्त्रींची, मदतीला आहेच. जिनात सरकी काढताना कापूस फार उडतो. बाबांना तोंडाला फडकं बांधायला सांग.

माझा लोभ आहेच, तूही राख.

तुझी ताई

दिग्रस, ७ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं, आता ऐक. बाबुलालशेठच्या मुलीनं, चंद्रकांतानं, अट घातली. म्हणे येतो, पण ते मोटार मिस्त्रीची पोरगी नको. तिच्या हाताले ग्रीस राह्यते. रौशननं आदल्याच दिवशी माझ्याबरोबर बसून वड्यांचं खोबरं किसलं होतं. तरी मी तिला येऊ नको म्हटलं. काहून, असं तिनं एकदाच विचारलं. आमच्या मायला चालत नाही, असं मी सांगितलं.

मग चंद्रकांता धरून सात जणी आल्या. दोन गाणी झाली. खिरापत ओळखताना एक म्हणाली सरकी, दुसरी म्हणाली गुरांची ढेप. जिनातल्याइच्या घरी अजून काय असन, म्हणत चंद्रकांता हसली. मायनं वड्या पुढं केल्या, तर उपास आहे म्हणून उठल्या. सातही जणींना एकाच दिवशी उपास. माय नंतर कितीतरी वेळ चूल सारवत बसली.

बी.ए. झालीस म्हणून तुला सगळं कळतं असं समजू नकोस. कॉलेजात तुझ्या ताटाशेजारी कोण बसे, हे तू चार वर्षांत एकदाही लिहिलं नाहीस. रौशन आता मागच्या बाकावर बसते.

माझ्यावर लोभ असो नसो, मायसाठी लिहीत जा.

विजयमाला

यवतमाळ, १२ ऑक्टोबर

चि. विजूस आशीर्वाद.

कोणी बसत नसे. सगळ्यांचं झाल्यावर मी मेसमध्ये जाई. हे घरी कळवलं असतं तर बाबांनी मला परत नेलं असतं. तुला भलतंच करायला लावलं, हा दोष माझा. पण त्या पोरी तुझ्याशी जे वागल्या, तेच त्याआधी तू रौशनशी वागलीस, आणि तेही मायचं नाव पुढं करून. तो दोष मी घेणार नाही. तिच्या घरी जा आणि खरं सांग.

रागाव, पण लोभ सोडू नकोस.

ताई

दिग्रस, २१ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

शाळेतून नाव काढत नाही, ती काळजी सोड. दसऱ्याला सोनं घेऊन रौशनकडे गेले. तिची आई हुस्नाबी दारात आली. आपट्याची पानं तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. माय काहीच बोलली नव्हती, मीच खोटं बोलले, हेही सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. अच्छा किया बेटी, म्हणाली. आत ये मात्र म्हणाली नाही. रौशन बाहेर गेली आहे, आली की सांगते, असं म्हणाली.

रौशन तिच्या मागंच उभी होती.

तुझा लोभ राहू दे.

विजू