दोन माघांतला मोगरा

अकोला, पौष शुद्ध दशमी

चि. सौ. गीतांजलीस, सासूचे अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पोरीकडे आराम चालू हाये. फोनवर मले ऐकू येत नाही, अन् मनोजले निरोप दिला तर तो अर्धाच पोचवते. म्हणून लिहून राहिली. डॉक्टर म्हणतात, आता वाकायचं नाही. मनोज म्हणते, मग मोगऱ्याचा बगीचा बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन टाकू. मी त्याले म्हटलं, सुनेले एक बहार पाहू दे, मग बोल.

माघ वद्यात मोगरा छाटजो. चंद्र उतरता पाहिजे अन् थंडीही सरलेली. त्याआधी पाणी तोडजो. शुद्ध पक्षात झाडाले हात लावू नको, मनोज किती का घाई करेना.

जेवत जा. माया हायेच, ती पातळ होऊ देऊ नको.

माणिकबाई

अमरावती, २४ जानेवारी

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

आई, घात झाला. पौर्णिमा झाल्या झाल्या मी मोगरा छाटून टाकला. भिंतीवर माझ्या माहेरचं, बैतूलचं पंचांग आहे. त्यात पौर्णिमेनंतर लगेच माघ लागतो अन् वद्य आधी येतो. इकडे तोच पंधरवडा पौषाचा धरतात, हे काल शेजारच्या सत्यवतीकाकूंनी सांगितलं. महिनाभर आधीच छाटणी झाली! पालवी फुटली अन् परवाच्या थंडीनं करपली. मनोजला आयतंच कोलीत मिळालं, ते बटईवाल्याला बोलावून राहिले. मी भांडले, मग झाडांजवळ बसून रडले.

बगीचा द्यायचा तर द्या. पण एवढं सांगा, झाडं जगतील का?

रागावून का होईना, पत्र पाठवा.

तुमची गीतांजली

अकोला, माघ शुद्ध दशमी

चि. सौ. गीतांजलीस आशीर्वाद वि. वि.

अवो बाई, मोगरा काय इतका लेचापेचा हाये? मूळ जितं हाये तोवर तो मरत नाही. आपला वद्य लागला की करपलेले शेंडे तेवढे काप, शेणखत दे, मग पाणी सोड. बहार उशिरा येईन, पण येईन. परतवाड्याच्या पलीकडून, बैतूलची सून आणली, तर तिचा माघ कोणता ते मीच विचारायले पाहिजे होतं.

मनोजले सांग, बटईवाल्याले चहा पाजून वाटेले लाव. ज्यानं मोगऱ्याले कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, त्यानं सौदे करू नये. सून झाडासाठी रडते, मले अजून काय पाहिजे?

रडणं पुरे, लोभाले मात्र पुरे म्हणू नको.

माणिकबाई

ता. क. इकडे येताना माही छाटणीची कैची मी लुगड्यात गुंडाळून आणली होती. कोणाच्या हाती पडू नये म्हणून, तुह्यासुद्धा. पोरीचा अमोल उद्या अमरावतीले येऊन राहिला, त्याच्याजवळ देतो. मूठ मोठी वाटली तर कापड गुंडाळजो. आता ती तुही.