पुसायचं राहिलेलं पान

१२ जानेवारी

प्रिय बुटके,

पत्र मिळालं. तू बरी आहेस आणि तुझे गुडघे बरे नाहीत, दोन्ही कळलं. मी मजेत आहे. अक्षर परकं दिसलं म्हणून घाबरू नकोस. मनगट मुरगळलंय, त्यामुळे मी सांगते आणि सूनबाई लिहून घेते. शुद्धलेखनाला मी जबाबदार नाही.

आमच्या जेवणाच्या टेबलावर सध्या जेवण सोडून सगळं असतं. तुझ्या शाळेसाठीचे संच तिथेच भरले जातायत. एका खोक्यात कागदासारखा दिसणारा पडदा, एक बोर्ड, बॅटरी, बटणं आणि चौकट. तुझ्या अधू नजरेच्या मुलींनी ते स्वतः जोडायचं आणि त्यावर आपली पुस्तकं वाचायची. परवा माझ्या चहात स्क्रू निघाला. चिरंजीव म्हणाले, "बरं झालं सापडला, एक कमीच पडत होता." आईच्या घशाची चौकशी नाही.

त्याने छापलेलं पत्रक तू पाहिलंच असशील. 'माझी आई औषध कंपनीत लेबलं तपासायची. तिच्या नजरेतून मुंगीच्या पायाएवढं अक्षर सुटत नसे. ती रोज यावर वाचते.' मला न विचारता छापलं. आईला विचारायची पद्धत आता गेली वाटतं.

सोमवारी तू या संचांच्या खरेदीवर सह्या करणार आहेस ना? त्याबद्दलच लिहायचं होतं, आणि मी गुडघे आणि स्क्रू सांगत बसले.

हा पडदा पान बदलताना एकदा पूर्ण काळा होतो, मग पांढरा. म्हणजे आधीचं पान पुसून काढतो, आणि मग नवं उमटवतो. तुला दाखवलेल्या यंत्रात हे पुसणं बंद केलेलं आहे. त्यामुळे पान झटकन उलटतं आणि बॅटरी पत्रकात लिहिलीय तितकी टिकते. पण जुन्या ओळींची सावली नव्या ओळींखाली राहते. मी चिरंजीवांना म्हटलं, हे बरोबर नाही. तर म्हणाला, "आई, फिकट असते ती. कुणाच्या लक्षातही येत नाही. तू वाचतेस ना रोज?"

इथे सूनबाईंनी पेन खाली ठेवलंय.

"आई, हे कळवायलाच हवं का? दोन वर्षं घातलीत आम्ही यात."

"लिही."

"मग सगळं यांच्यावर नका ना ढकलू."

नवऱ्याची बाजू घ्यायला हिला बरोबर सुचतं. घे लिहून, हेही लिही.

बुटके, मनगट ठणठणीत आहे. मला दिसत नाही. पावसाळ्यापासून मधोमध एक धुरकट डाग आहे, त्याच्या कडेने काय दिसेल ते दिसतं. पडद्याचं काळं-पांढरं होणं थांबलं आणि ओळींखाली सावली आली, तेही कडेनेच कळलं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. घरात कुणाला सांगितलं नाही. सूनबाईंना आत्ता, या ओळीला कळलं. तिचं नाक ओढणं मला ऐकू येतंय. दिसत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं नाही.

मी रोज यंत्र मांडीवर घेऊन बसते आणि मधून मधून बटण दाबते. दाबल्याची नोंद यंत्रात होते. ती पाहून चिरंजीव खूश होतात, की आईने आज इतकी पानं वाचली.

आणि तुझ्या कार्यालयात, तुझ्या विश्वस्तांसमोर मी यंत्रावरून तो दीपगृहाच्या रखवालदाराचा धडा खणखणीत वाचला, तो तरी कसा? पाचवीत सिस्टरने तो आपल्याकडून घोकून घेतला होता. यंत्रात तोच धडा टाक, असं मीच चिरंजीवांना सांगितलं होतं. बुटके, तू तर माझ्या बाकावर बसायचीस. तुझेही ओठ हलत होते म्हणे. मग डोळे कसले पुसत होतीस? तुला शंका यायला हवी होती. मी तुझ्यावरही चिडले आहे, हे नोंदवून ठेव.

मला दिसतं असं मुलाने मानलं, म्हणून सगळ्यांना दिसेल असं मानलं. तुझ्या मुली सावलीतल्या ओळी लावत बसतील, आणि जमलं नाही की म्हणतील, आपलेच डोळे वाईट. असं स्वतःला म्हणत बसणं काय असतं, ते मला आता माहीत आहे.

म्हणून सोमवारी सही करू नकोस. पुस्तक तू निवड, कुणाला पाठ नसलेलं. यंत्र तुझ्या एखाद्या मुलीच्या हातात दे आणि चिरंजीवांना तिच्यासमोर बसव. तू मध्ये बोलू नकोस. ती अडखळेल तेव्हा त्याला तिच्या तोंडाकडे बघू दे. माझ्या तोंडाकडे त्याने बघितलंच नाही. अर्थात, मीही बघू दिलं नाही.

शाळेत असताना तू माझ्या शब्दावर आंधळेपणाने चालायचीस. आता चालू नकोस.

तुझी,
उंटीण

ता. क. मावशी, वरचं सगळं आईंनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. यापुढचं माझं आहे, आणि ते त्यांना अजून वाचून दाखवलेलं नाही. पान पुसणं यांनी बंद केलं नव्हतं. यांच्या पत्रकासाठी बॅटरीचा आकडा मी आधीच देऊन बसले होते, तो जुळेना, म्हणून मी बंद केलं. यांना वाटतं, पडदाच तसा आला आहे. तुमच्याकडे आज निघणारी खोकी मी गाडीत चढवू देणार नाही. आधी यांना सांगते, मग आईंना. आईंना सांगणं जास्त अवघड आहे. त्या बाजूलाच बसल्या आहेत आणि विचारतायत, एवढा वेळ काय लिहितेस.

— सून