भर दिवसा दिवे

ता. ६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणजे तू बरा आहेस, असं समजून मी गप्प बसले होते. पण काल तुझ्या शेजारीणबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, तुझ्या गाडीचा उजवीकडचा आरसा गेला. मागून ट्रकवाला केव्हाचा हॉर्न वाजवत होता आणि तू आपला रस्त्याच्या मधोमध, राजासारखा. शेवटी तो आरसा घासून पुढे गेला. हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही हे कबूल, पण पेन तर हातात धरता येतं ना?

वहिनी होती तोवर मला काळजी नव्हती. ती शेजारी बसून मागचं सगळं ऐकायची आणि तुझ्या गुडघ्यावर थाप मारायची. आता ती नाही, आणि कानाचं यंत्र तू टेबलाच्या खणात झोपवून ठेवलं आहेस. गाडी सोड म्हटलं की तुझं डोकं फिरतं. म्हणून मधला मार्ग सांगते. दिवसाही गाडीचे दिवे चालू ठेवत जा. तुला लोक ऐकू येत नाहीत, निदान लोकांना तू लांबून दिसशील. ह्यांच्या नव्या गाडीत तर किल्ली फिरवली की ते आपोआप लागतात. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं बसून मला एवढं कळलंय, की नुसते डोळे चांगले असून भागत नाही, लक्ष जावं लागतं. दिव्याकडे लक्ष जातं.

उत्तर पाठव. लोभ असू दे, आणि राग काढायचा तर तोही माझ्यावरच काढ.

तुझी,
धाकटी


ता. १३ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. शेजारीणबाईंना तुझा नंबर कुणी दिला याची चौकशी चालू आहे. आरसा गेला हे खरं, राजासारखा वगैरे त्यांच्या पदरचं.

आता तुझ्या दिव्यांविषयी. ट्रक मागून आला आणि दिवे पुढे असतात, एवढं लक्षात आलं असतं तर तुझं पाकीट वाचलं असतं. लख्ख उन्हात दिवे लावून हिंडणारा म्हातारा पाहिला की लोक म्हणतील, आयुष्यभर काय दिवे लावले ते दाखवत फिरतोय. शिवाय बॅटरी उतरेल ती माझी, तुझ्या ह्यांची नव्हे. आणि एक गोष्ट खरंच विचार करण्यासारखी आहे. मोटरसायकलवाले दिवसा दिवा लावतात म्हणून ती एवढीशी गाडी नजरेत भरते. उद्या सगळ्याच मोटारींनी दिवे लावले, तर त्या झगमगाटात त्या बिचाऱ्यांना कोण पाहणार?

बाकी ठीक. सध्या माझ्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. शेजारीणबाई जिन्यात काहीतरी बोलल्या, मी नेहमीप्रमाणे हो हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या यच्चयावत कुंड्या माझ्या दारात. त्यांच्या गॅलरीला रंग द्यायचाय म्हणे. तुझ्या वहिनीच्या वेळी असं होत नसे. ती कोपराला हात लावून हळूच सांगायची, की नाही म्हणा. आता मी सगळ्यालाच हो म्हणतो. दोनदा विचारलं की माणसं वैतागतात, तिसऱ्यांदा ती बोलतच नाहीत.

मेव्हण्यांना नमस्कार. मी रागावलेलो नाही, तेवढी ताकद उरली नाही.

तुझा,
दादा


ता. २१ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुढचे दिवे लावले की मागचे लाल दिवेही लागतात, हे छापखान्यात यंत्रांशी झटून जन्म काढलेल्या माणसाला मी सांगायचं? इंजिन चालू असलं की बॅटरी भरत राहते, हेही आमच्या गॅरेजवाल्याला विचारून घेतलं. मोटरसायकलचा मुद्दा मात्र ह्यांना पटला. ते म्हणाले, दादांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. तुझी बाजू घेतल्याबद्दल मी त्यांच्याशी दुपारभर बोलले नाही.

पण सगळ्या जगाचं नंतर बघू, मला तुझ्या एकट्याचं पडलंय. एकतर दिवे, नाहीतर गाडीची किल्ली माझ्याकडे. माझी शपथ आहे. मला दुसरा भाऊ नाही.

हट्टी बहिणीवर आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
धाकटी


ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

शपथ पाळली. पहिल्या दिवशी वैताग आला. समोरून येणारा जो तो खिडकीतून हात काढून मूठ उघडतो आणि मिटतो, की दिवा चालू राहिलाय. एक टेम्पोवाला, मग शाळेच्या बसचा ड्रायव्हर. एक स्कूटरवरची बाई तर मला सांगण्याच्या नादात पडता पडता वाचली. चौकातला पोलीसही मूठ नाचवू लागला, तेव्हा मी बाजूला घेऊन दिवे बंद केले. दुसऱ्या दिवशी तुझ्या शपथेपायी पुन्हा लावले.

तिसऱ्या दिवशी मला गंमत वाटू लागली. तू एकदा डबा घेऊन आमच्या यंत्रघरात आली होतीस, आठवतं? कान दाबून पळत सुटली होतीस. तिथे त्या धडधडाटात आम्ही सगळे हातांनीच बोलायचो. कागद संपला, शाई कमी पडतेय, चहा आला, साहेब आला, सगळं हातांनी. माझे कान तिथेच गेले, पण तिथे माझं कुणाशी बोलणं अडलं नाही. बाहेर आलो तर सगळी माणसं ओठांनी बोलणारी. आता रस्त्यावर इतक्या वर्षांनी कुणी हाताने काही सांगतं, आणि ते मला पहिल्याच खेपेला कळतं. मी हात वर करून आभार मानतो. दिवे अर्थात बंद करत नाही.

लाँड्रीची एक निळी व्हॅन पुलापाशी रोज भेटते. आठवडाभर त्या मिशावाल्याने इमानेइतबारे मूठ दाखवली. मग एक दिवस कपाळावर हात मारला. आता तो लांबूनच हसतो आणि हात वर करतो, मीही करतो. तेव्हा तू जिंकलीस, पण गावभर सांगत सुटू नकोस.

तुझा कर्णबधिर परंतु लखलखीत,
दादा


ता. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. गिऱ्हाइकंसुद्धा हसली. वहिनी गेल्यापासून इतकं लांब पत्र तू लिहिलं नव्हतंस. शेजारीणबाई म्हणतात, तू सकाळ-दुपार दोन्ही वेळा गाडी काढतोस. कुठे जातोस रे एवढा?

आता आनंदाची बातमी. तुझा भाचा नोकरीसाठी परदेशी निघालाय. त्याची गाडी दारात उन्हात पडून राहणार, म्हणून ती तुझ्याकडे धाडायचं आम्ही ठरवलं. तिचे दिवे आपोआप लागतात, विसरायची भानगडच नाही. पुढे काही आडवं आलं तर ब्रेकही स्वतःच लावते. तुझी ती राखाडी म्हातारी गॅरेजवाल्याला देऊन टाक. हे सगळं मी भाच्याच्या मागे लागून जमवलंय, तेव्हा नाही म्हणालास तर त्याच्याआधी मला वाईट वाटेल.

मामाभाच्यांत आहे तसंच गूळपीठ राहो, त्यात मलाही चिमूटभर वाटा असो.

तुझी,
धाकटी


ता. २५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

गाडी पोचली. छान आहे. बसायला मऊ. भाच्याला आशीर्वाद कळव. जुनी गाडी गॅरेजात दिली.

इकडे उन्हाळा वाढतोय. कुंड्या अजून माझ्याकडेच आहेत.

तुझा,
दादा


ता. १८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मागचं तुझं पत्र म्हणजे तार होती. त्यानंतर तीही नाही. शेजारीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, नवी गाडी आच्छादन घालून दारात उभी असते आणि तू घरातून बाहेर पडत नाहीस. गाडीत काही बिघाड आहे का? चालवायला अवघड जाते का? का तुझं काही दुखतंय? खरं लिही. मला सांगायला लाजलास, तर मी काय फक्त चष्मे विकायला जन्माला आले?

उत्तराची वाट बघतेय, रोज बघतेय.

तुझी,
धाकटी


ता. २९ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

गाडीत काही बिघाड नाही आणि माझं काही दुखत नाही. लिहू की नको असं करत पाच-सहा कागद फाडले.

या गाडीचे दिवे म्हणजे पांढऱ्या बारीक पट्ट्या आहेत. असल्या गाड्यांचे दिवे दिवसा लागतातच, हे आता साऱ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कुणाला त्यात काही चुकलंय असं वाटत नाही. पहिल्या दिवशी पुलापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. एकानेही हात बाहेर काढला नाही. मला वाटलं दिवे बंद आहेत. उतरून पाहिलं तर चालू होते. लाँड्रीवाला समोरून आला, मी हात वर केला, पण त्याचं लक्षच नव्हतं. त्याची ओळख राखाडी गाडीशी होती, आत बसलेल्याशी नव्हती.

तू विचारलं होतंस, कुठे जातोस. कुठेच जात नव्हतो. पुलापर्यंत जायचं आणि फिरून यायचं. लोक मला काही सांगायचे, ते मला कळायचं, आणि मी उत्तर द्यायचो. दिवसभरात माझं माणसांशी तेवढंच बोलणं होतं. घरी आल्यावर मी एकटाच असतो, आणि टीव्हीवरची माणसं ओठ हलवतात. तू एवढ्या मायेने गाडी पाठवलीस आणि मी हे लिहितोय, म्हणून लाज वाटते. व्हॅनवाल्याला थांबवून सांगावं असं मनात येतं. पण तो काही विचारेल, मी हो हो म्हणेन, आणि त्याच्या लगेच ध्यानात येईल.

मी फार एकटा पडलोय गं. झालं, लिहून टाकलं.

तुझा,
दादा


ता. ४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मला मोठ्याने वाचता आलं नाही. ह्यांनी ते माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. तू सुखरूप राहावास म्हणून मी धडपडले, आणि तुझं होतं नव्हतं ते बोलणंही मीच बंद करून टाकलं. मला हे सुचायला हवं होतं.

आमच्याकडची खोली तुझीच आहे. केव्हाही ये, कायमचा ये. पण त्याआधी माझं एक ऐक. आमच्या दुकानात काही माणसं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात. दिसत नाही हे सांगायची त्यांना लाज वाटते, म्हणून घडाघडा म्हणून दाखवतात आणि चुकीचा नंबर घेऊन घरी जाऊन धडपडतात. तुझं हो हो त्यातलंच आहे, दादा. तो व्हॅनवाला कुठेतरी पेट्रोल भरायला थांबत असेल. जा, आणि सांग की तो मी. तो काही बोलला तर मान हलवू नकोस. ऐकू येत नाही म्हणून सरळ सांग. त्यात तुझं काय जाणार आहे?

माझ्यावरचा लोभ तसाच असेल, तर एवढं कर.

तुझी,
धाकटी


ता. १७ मे

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

काल गेलो. पुलाच्या अलीकडच्या पंपावर तो चाकांत हवा भरून घेत होता. गाडी लावली, उतरलो आणि म्हणालो, की ती दिवसा दिवे लावून फिरणारी राखाडी गाडी होती ना, ती माझी. मग त्याने माझा हात धरला आणि भराभर बोलू लागला. माझी मान आपोआप हलायला लागली होती, ती मी आवरली. म्हटलं, मला ऐकू येत नाही. परक्या माणसाला हे मी जन्मात पहिल्यांदा सांगितलं.

त्याने माझ्या कानाला तोंड लावलं आणि असा ओरडला, की पंपावरची सगळी माणसं वळून पाहायला लागली. तरी सगळं त्याला एकदा पुन्हा सांगायला लावावं लागलं. त्याने सांगितलंही, वैतागला नाही. माझी गाडी येईनाशी झाली, तेव्हा त्याने आधी पंपावर चौकशी केली. मग कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याला विचारलं. एक दिवस गॅरेजात त्याला ती गाडी धूळ खात उभी दिसली आणि त्याने धसकाच घेतला. त्याला वाटलं, मी गेलो. घरच्यांना भेटून यावं म्हणून तो माझा पत्ता विचारत होता, पण नाव ठाऊक नाही, तर विचारणार कसं? शेवटी दिवेवाले आजोबा कुठे राहायचे, असं विचारत फिरला.

धाकटे, हे तुला कधी लिहिलं नव्हतं. तुझी वहिनी गेल्यापासून मला एकाच गोष्टीची भीती वाटायची. आपण घरात पडलो, तर ते कुणाला कळायला किती दिवस लागतील? काल गाडीत येऊन बसलो आणि पोटभर रडलो. नंतर घरी येऊन शेजारीणबाईंना सांगितलं, की तुमच्या कुंड्या आता घेऊन जा.

तुझ्याकडे चार दिवस जरूर येईन, पण राहायला सध्या येत नाही. मी दिसलो नाही तर विचारणारं इथे कुणीतरी आहे.

मेव्हण्यांना नमस्कार, आणि तुला माझ्याकडे आहे तेवढी सगळी माया.

तुझा,
दादा