रुजू होण्याची तारीख

सोमवार, ३ जून, सकाळी ९ वाजून १० मिनिटे.
नव्या टेबलाचा खण पुसत होतो, तेवढ्यात संचालकसाहेब आले. उठून उभा राहिलो. विद्यापीठाने एका कंपनीबरोबर हे केंद्र काढले आहे. संगणकाच्या पदवीधरांना इथे तीन महिने शिकवायचे आणि मग कंपनीने त्यांना नोकरी द्यायची. माझी शाळा नववीत सुटली, पण माझ्या टायपिंगमध्ये कोणी चूक काढून दाखवावी! माझा दादा इथेच शिकला. आज असता तर त्याने पाठ थोपटली असती.

गुरुवार, ६ जून.
काम आवडले. कंपनीचे सहीशिक्का केलेले कोरे कागद येतात. मी त्यावर नाव, पद, रुजू होण्याची तारीख टाइप करतो. ‘सकाळी साडेनऊ वाजता हजर राहावे.’ आजवर बावीस पत्रे झाली. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, एवढं मन लावून तर कोणी लग्नाची पत्रिकासुद्धा लिहीत नाही.

शुक्रवार, १४ जून.
आठवडाभर कोरे कागद संपले होते; आज कंपनीचे साहेब नवे घेऊन आले. संचालकांसमोरच त्यांना विचारले, इतकी मुले बसणार कुठे? दोघेही हसले. संचालक म्हणाले, अरे वेड्या, पत्र द्यायचं असतं, नोकरी नाही. नोकरी लागलेल्यांची टक्केवारी दिसली की केंद्राला अनुदान येतं. कंपनीला तीन महिने फुकट काम मिळतं. फाटकावरचा माणूस मुलांना परत पाठवतो आणि ती लाजेने कुठे बोलत नाहीत.
दुपारी जुनी फाइल काढली. तीत दादाच्या पत्राची प्रत होती.
पत्रातल्या तारखेला तो नवा शर्ट घालून गेला होता. कॉलरच्या टाचण्या आईने काढल्या होत्या. तासाभरात परतला. बाबा म्हणाले, याला एक दिवससुद्धा नोकरी टिकवता आली नाही. दादाने शर्ट काढून पुन्हा घडी घालून ठेवला. अकराव्या दिवशी त्याने जीव दिला.

सोमवार, १७ जून.
संशय येऊ नये म्हणून उरलेली नऊ पत्रे टाइप केली. मग आणखी दोन. एक संचालकांच्या नावाने, एक कंपनीच्या साहेबांच्या. पद प्रशिक्षणार्थी. तारीख २० जून. कोणाकडे हजर व्हावे, तिथे दादाचे नाव. दोघांच्या टपालात सरकवली. फक्त घाबरवायचे होते, असे इथे लिहिणार होतो. ते खरे नाही.

गुरुवार, २० जून.
साडेनऊला दोघे ती पत्रे हातात घेऊन, कोणी ओढून नेल्यासारखे प्रशिक्षणाच्या खोलीत गेले. दार लागले. मावशींनी विचारले, आत हजेरी कोण घेतंय रे, आवाज तर पोरगेला आहे. आवाज मी ओळखला.
दहाला दार उघडले. दोघे शेवटच्या रांगेत, मांडीवर फाइल, डोळे उघडे. कॉलर गळ्यालाच टाचलेली. टाचण्या डोक्यापर्यंत आत.
मला आनंद झाला. पुन्हा लिहितो. आनंद झाला.

शुक्रवार, २१ जून.
केंद्र बंद. किल्ली माझ्याकडे. सकाळी आत गेलो तर शेवटच्या रांगेत कोणीतरी पाठमोरे बसलेले. शर्टावर घड्यांच्या रेघा. मी हाक मारली. दादाने मान वळवली नाही. विचारले, चौदा तारखेनंतर किती टाइप केलीस?
दोन म्हणालो.
तो म्हणाला, नीट मोज.

शनिवार, २२ जून, ९ वाजून २२ मिनिटे.
टेबलावर पत्र. माझे नाव. आजची तारीख. एकही चूक नाही —
बाहेरचे दार उघडत नाही. प्रशिक्षणाच्या खोलीत हजेरी सुरू आहे. दादा माझ्या त्या नऊ मुलांची नावे घेतो आहे. एकेक, सावकाश —
ओरडून सांगितले, दादा, मी तुझा धाकटा. म्हणाला, तीही कुणाची तरी धाकटी आहेत —
९.२८. आठ नावे झाली —
हिशेब नीट लिहून ठेवतो. एकूण पत्रे तेहतीस. जाणूनबुजून टाइप केलेली अकरा. रुजू झाले दोन. बाकी —