होटगी रोडचं विमान

सोलापूर,
रविवार

प्रिय श्रावणी,

तुझा फोन ठेवला आणि लगेच कागद घेऊन बसले. आज पुन्हा मी तुझ्या पुढच्या आयुष्याचा विषय काढला आणि पुन्हा तू मला शेंगाचटणी संपत आल्याचं सांगायला लागलीस. फोनवर तुझ्याशी कोण जिंकणार? पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचायचं, खालच्या ओळीवर उडी मारायची नाही.

आधी घरची खबर. हे ठणठणीत आहेत. विमानाचा दिवस असला की जेवण अर्धवट टाकून गच्चीवर जातात आणि खाली येऊन विमान वेळेवर आलं की उशिरा, हे सगळ्या गल्लीला ऐकवतात. विमानतळाच्या बातम्याही यांच्याकडेच. चाकाची खुर्ची मागितली की लगेच मिळते, सामानाच्या ढकलगाड्या नव्या आल्या, चहा मात्र पाणचट आहे आणि रिक्षा दारापासून लांब थांबतात. परवा तर शेजारच्या सारजाबाईंना बेंगळुरूला जायचं होतं आणि हे त्यांना कुठून कसं विमान बदलायचं ते समजावत होते. त्या आपल्या रेल्वेनं गेल्या.

मी चेष्टा करते, पण मला ठाऊक आहे की या माणसानं आयुष्यभर या विमानाची वाट पाहिली. तू आमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी, ओजस कॉलेजात असताना, होटगी रोडच्या या विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं होतं. काही दिवस चाललं आणि बंद पडलं. पुढे धावपट्टीवर मंत्र्यांची विमानं तेवढी उतरायची. बोरामणीला आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार, हे तर आम्ही इतकी वर्षं ऐकतोय की हे म्हणायचे, तिथून पहिलं विमान पकडायला आपला पणतू जाईल. सह्यांच्या मोहिमा झाल्या, मोर्चे झाले, आणि प्रत्येक मोर्चात हे टोपी घालून हजर. विमानाच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून गावात दोन तट पडले तेव्हा आमच्या घरातही पडले, कारण माझा भाऊ कारखान्यात होता. चिमणी पाडली त्या दिवशी यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. ते दिवसभर गच्चीवर फिरकलेच नाहीत.

तेव्हा ओजसला जाऊन वर्ष झालं होतं. पुण्याला नेताना उजनीच्या पाण्याजवळ रुग्णवाहिकेत तो गेला, तू त्याचा हात धरून होतीस. तेव्हा विमान असतं तर, हा विचार हे अजूनही करतात. मी करत नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की कशानंही नेलं असतं तरी तो वाचला नसता. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तो गेला, आणि त्याच्याबरोबर तूही गेलीस असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं.

म्हणून तर बँकेनं तुझी बदली मुंबईला केली तेव्हा मी हट्टानं विमानतळावर तुझी ओटी भरली. इंद्रायणीवन्सं घरीच म्हणाल्या होत्या की विधवेची ओटी भरत नाहीत. घरात वाद नको, म्हणून मी खण, तांदूळ, नारळ पिशवीत घालून तिथे आले आणि गाड्या लावतात त्या जागेवर तुला उभं केलं. तुझ्या अंगावर ना पदर ना ओढणी. शेवटी तू पर्समधला सोलापुरी नॅपकिन पसरलास. मला हसूही येत होतं आणि रडूही. ओटीचा नारळ विमानात नेऊ देत नाहीत, हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. विमानतळासाठी हयात घालवलेल्या आपल्या तज्ज्ञांच्याही नाही.

तू आत गेलीस आणि थोड्या वेळानं तपासणीवरची बाई, छातीवरच्या पट्टीवर चंद्रव्वा असं नाव, नारळ हातात घेऊन बाहेर आली. अक्कलकोटकडची असावी. म्हणाली, "अव्वा, नारळ आत चालत न्हाय. पन ओटीचा हाय म्हटल्यावर टाकायला माजा हात होईना. तुमीच घरी न्या." तुला निरोप द्यायला आलेल्या वन्सं लगेच पुटपुटल्या, बघ, देवालाही मान्य नाही. मी म्हटलं, देवाचं मला माहीत नाही, विमानवाल्यांना मान्य नाही एवढंच दिसतंय. घरी येऊन तो फोडला, वड्या केल्या आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सारजाबाईंच्या मुलाबरोबर तुला पाठवल्या. ओटीचा नारळ जिचा तिनंच खायचा असतो. तू मैत्रिणींना वाटून टाकल्यास ते सोड.

आता खरं सांगते. गेल्या महिन्यात ओजसच्या श्राद्धाला तू आलीस, तेव्हा विमानातून तू एकटी उतरली नव्हतीस. अगं, एवढासा आपला विमानतळ, त्यात यांच्यासारखा पाहणारा. उंच, चष्म्याचा मुलगा तुझी बॅग घेऊन दारापर्यंत आला, ती तुझ्या हाती देऊन मागे सरला आणि आपण निघेपर्यंत खांबाआड उभा राहिला. हे घरी येऊन म्हणाले, "पोरगं भलं दिसतंय गं. आपल्याला पाहून लपला, पण तिची बॅग त्यानं जमिनीला टेकू दिली नाही."

आम्ही गप्प राहिलो. तू होऊन सांगशील असं वाटलं. त्याऐवजी काल माळशिरसहून तुझ्या भावाचा, अद्वैतचा फोन आला. त्या मुलाचं नाव राजशेखर, तुझ्याच बँकेतला, त्यानं तुला लग्नाचं विचारलं आणि तू नाही म्हणालीस, हे सगळं त्याच्याकडून कळलं. कारण काय, तर सोलापूरच्या आई-बाबांचं कोण बघणार? अद्वैतला त्यात बरंच वाटत होतं. जात वेगळी, घरात कानडी बोलतात, आम्ही काही त्या लग्नाला उभे राहिलो नसतो, असं म्हणाला. मी त्याला एवढंच सांगितलं की तू बसून राहिलास तरी चालेल.

श्रावणी, आमचं कारण पुढे करून तू नाही म्हणायचं नाहीस. तो आवडत नसेल तर खुशाल नाही म्हण, मी एका शब्दानं विचारणार नाही. पण आवडतो ना तो तुला? मग माझ्या लेकाच्या नावानं तू अशी वाळत बसलेली मला बघवत नाही. ओजस गेल्यावर मी पोटभर रडले आहे. तुझ्यासाठी मला रडायचं नाही. लग्नात मुलीकडून आम्ही दोघं उभे राहू, पत्रिकेत आमची नावं घाल आणि वन्संना निमंत्रण मी स्वतः देईन.

हे पत्र उद्या कुरियरनं टाकते. शुक्रवारच्या विमानानं आम्ही दोघं येतोय. विमानासाठी एवढा भांडलेला माणूस अजून विमानात बसलेला नाही, ओजस नेईल म्हणून थांबले होते. आता म्हणतात, लेकीच्या कामाला जायचंय, थांबून चालणार नाही. राजशेखरला घ्यायला यायला सांग, आणि या वेळी खांबाआड उभं राहायचं नाही म्हणावं. परतीची तिकिटं काढलेली नाहीत. तू हो म्हणालीस की काढू. तुझी खोली एवढीशी आणि यांचं घोरणं केवढं, ते तुला माहीत आहे. तेव्हा काय ते लवकर ठरव.

तुझीच,
आई