उपाशी पेशी

ओसाका,
१७ जानेवारी

प्रिय ताई,

नाशपातींचं खोकं मिळालं, एकही डागाळलेली नाही. भावोजींना सांग, लॅबमध्ये सगळ्यांनी वाटून खाल्ली, उंदरांना मात्र एक फोड दिली नाही. इथे थंडी मरणाची आहे, तिकडे बागेवर बर्फ असेल.

तू कौतुकाने लिहिलंस, नऊ किलो उतरले. केमोच्या आधी तीन दिवस नुसता चहा, कारण इगाराशी सरांच्या पुस्तकात आहे की पेशी उपाशी ठेवली की ती आपलाच कचरा खाते आणि आजार साफ होतो. आमची सावाको त्यांच्याच हाताखाली आहे, असं तू वॉर्डभर सांगतेस म्हणे.

पेशी आपला कचरा खाते हे खरंच आहे. त्यातच माझी बारा वर्षं गेली. पण गाठीतल्या पेशीही तेच करतात, नतद्रष्ट. आमच्या उपाशी उंदरांच्या गाठी सुकल्या नाहीत, स्वतःचंच भंगार खाऊन तगल्या. ती सोय औषधाने बंद केली तेव्हा कुठे लहान झाल्या. तीनदा करून पाहिलं. उंदरात झालं ते माणसात होईलच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण उपासाने तू बरी होशील याचा पुरावा सरांकडेही नाही, आणि तुझे डॉक्टर वजन टिकवा म्हणून कानीकपाळी ओरडतायत.

सरांना आकडे दाखवले तेव्हा त्यांनी आधी मला चहा दिला. मग म्हणाले, मार्चमध्ये माझं निरोपाचं व्याख्यान आहे, तोवर थांबा. निवृत्त होणाऱ्या गुरूचं शेवटचं व्याख्यान आपल्याकडे कोणी नासवत नाही, तुला ठाऊक आहे. मी वाकून हो म्हटलं.

काल त्याची तालीम होती. पडद्यावर चित्रं लावायचं काम माझ्याकडे. उपासाचं चित्र आलं, तिथे मी माझे आकडे लावले. कोणी मान वर करीना.

सर हळूच म्हणाले, "सावाको, तुमचा करार मार्चअखेर संपतो."

"माझी बहीण त्याआधी संपेल, सर."

या आकड्यांवर मी लिहिलेल्या लेखावरून त्यांनी त्यांचं नाव काढायला सांगितलं. काढलं. आज सकाळी लेख छापायला पाठवूनही दिला. नोकरी गेली तर जाऊ दे, वाकून वाकून कंबर मोडली माझी.

आता जे लिहायचं टाळत होते ते. सरांना आकडे दाखवले ते गेल्या एप्रिलमध्ये. तू उपास धरलास जूनमध्ये. ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला मी तुझ्या शेजारी बसले होते. तू भाताचा वाडगा बाजूला सारलास आणि माझ्याकडे बघून हसलीस, शाबासकी मागावी तशी. मी माझा भात खाल्ला आणि गप्प बसले.

शनिवारी येते आहे. डॉक्टरांना मीच भेटेन. शिव्या घाल, दारातून परत पाठव, मी पायरीवर बसून राहीन. पण माझी वाट बघू नकोस ताई, आजच जेव.

तुझ्या उपासातली भागीदार,
सावाको