हलकी लेन्स मी निवडली

ओमदादा,

मी तुह्या जागी तुहा कॅमेरा घेऊन ढाणकीले चालली. पोरींच्या कबड्डीची फायनल दुपारी तीनला आहे. तुह्या खांद्याच्या ऑपरेशनले पंधराच दिवस झाले, म्हणून तुले उठवलं नाही.

काल पुसदच्या दुकानात दोन्ही लेन्स लावून पाह्यल्या. तू म्हणत होता ती मोठी दीड किलोची आहे. दहा मिनिटांत माह्यं मनगट थरथराले लागलं. दुसरी तेवढंच दूरचं जवळ आणते, पण वजनानं अर्धी. उजेड थोडा कमी घेते, हे मले माहीत आहे. पण मॅच उन्हात आहे न कॅमेरा मले धरायचा आहे, म्हणून हलकीच घेतली. "तुले लेन्समधलं काय समजते?" असं तू म्हटलं तवा याडी समोर होती, न मायसमोर मले तुह्याशी भांडायचं नव्हतं.

वरण-भाकरी झाकून ठेवली आहे. गोळी जेवल्यावरच घे. सांजच्या बसनं येईन.

पेपरवाल्यांना मी आधी फोटोखाली तुह्यं नाव टाका म्हटलं होतं. आत्ता पुन्हा फोन करून माह्यं टाकाले सांगितलं. उद्या आधी फोटो पाह्य, मग रागाव.

बबिता